मोठ्या मायचं थंड गळू

आमच्या घराण्यात आजारपणाच्या गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो की तेरावं, चार नातेवाईक सतरंजीवर टेकले की कुणीतरी म्हणतंच, "मोठ्या मायची सांग." मी सांगतो. सांगताना दर वेळी त्यात मी थोडा थोडा शूर होत जातो, हे माझ्या बायकोच्या, सुमनच्या, लक्षात आलेलं आहे. आता हे मी लिहून काढतो आहे आणि ती समोर बसून शेंगा फोडते आहे. लिहून झालं की ती वाचणार. तेव्हा माझ्याकडून यात फार शौर्याची अपेक्षा ठेवू नये.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. जऊळक्याच्या स्टेशनापासून आत, गाडीवाटेनं तीन कोसांवर आमचं गाव. वडील लवकर गेले, त्यामुळे मी आणि आई थोरल्या काकांच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्याच चुलीवर वाढलो. मोठी माय उंच, रुंद हाडाची. ती विहिरीवर बोलली की खळ्यातले बैल कान टवकारायचे. दिवसा आडवी झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. दुपारी कुणी झोपलेलं दिसलं की म्हणायची, "काहून रे, बाळंत झाला का?" हा प्रश्न ती पुरुषांनाच विचारायची. मला तर जवळजवळ रोज.

गावातली सगळी गळवं तिची. केसतूड, करट, काखमांजरी, नखुर्डं, जे काही अंगावर फुगेल आणि ठणकेल ते तिच्या ओसरीवर यायचं. तिची रीत ठरलेली. आधी ती गळवाकडे पाहायचीच नाही. डोळे मिटून हाताची पाठ त्याच्यावर टेकवायची, मग शेजारच्या चांगल्या कातडीवर, मग परत गळवावर. चुलीवर दूध तापलं का पाहावं तसं. आणि निकाल द्यायची, "भांडून राह्यलं." गळू गरम, म्हणजे अंग त्याच्याशी भांडतंय, असं तिचं शास्त्र. "भांडू द्यावं. मधात पडाचं नाई." मग जवसाचं गरम गरम पोटीस बांधायचं, आणि गळू पिकलं, तोंड पिवळं पडलं, की बाभळीचा लांब काटा दिव्यावर धरून एकदाच टोचायचा. माणूस किंचाळायच्या आत काम झालेलं असायचं.

एकदा तहसील कचेरीतला एक बडा कारकून जमिनीच्या मोजणीला आला आणि नको तिथं केसतूड घेऊन आला. खुर्चीवर बसता येईना, उभ्यानं सह्या करून राहिला होता बिचारा. मोठ्या मायनं त्याला दारातून परत पाठवलं. "कच्चं हाये. परवा या." तो भडकला. म्हणाला, मी कोण आहे ठाऊक आहे का? ती सुपात धान्य पाखडत म्हणाली, "ठावं हाये ना सायब. कचेरीत तुमचा हुकूम. अथी गळवाचा." परवा तो निमूट आला, पालथा पडला, आणि जाताना तिच्या पाया पडला. वाकताना त्याला जो आराम वाटला तो आम्हा सगळ्यांना दिसला.

अशी ही बाई. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो, लग्न नुकतंच झालेलं, साल पंचावन्नच्या आगेमागे. घरातला शिकलेला मी एकटा, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मोठी माय वाळायला लागली. पाणी तर अशी प्यायची की रांजण सकाळी भरला तरी दुपारी तांब्या तळाला वाजायचा. चोळ्या सैल झाल्या. तिला त्याचं कौतुक. "पाय व सुमन, पोरीवानी झाली ना मी!" असं म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सरकवून दाखवायची. तेवढ्यात मागच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. मोरीत ती लघवीला बसायची तिथंच. दुसऱ्या कुणाला काही सुचलं असतं. मोठ्या मायला वाटलं, आपल्या दारी मुंग्या चालून आल्या, पुण्य चालून आलं. ती रोज सकाळी त्यांना पीठ घालू लागली. मुंग्या पिठाकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या, हे मी स्वतः पाहिलं. पाहिलं आणि शाळेत गेलो.

मग पाठ धरली. कापूस वेचून धरली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. घरात सगळ्यात हलकी सुमन. मोठ्या मायनं तिला फर्मावलं, "माह्या पाठीवर चाल." नव्या सुनेनं सासूच्या पाठीवर पाय द्यायचा! सुमन रडकुंडीला आली. शेवटी तोड निघाली. ती पदर खोचून पाठीवर चढायची, कंबरेपासून मानेपर्यंत हळूहळू जायची, परत यायची, आणि खाली उतरून त्याच पाठीला वाकून नमस्कार करायची. मोठी माय खालून कण्हत म्हणायची, "जोरानं दे व, खाल्लं नाई का काई?"

संध्याकाळी अंगात कणकण असायची, पण खोकला नाही. हे मुद्दाम सांगतो. आमच्या लेखी क्षय म्हणजे खोकला, खोकल्यातून रक्त, आणि बसलेली गालफडं. मोठी माय तर दोन वावरांपलीकडच्या गड्याला हाक मारत होती. तिच्या छातीला काय झालं होतं?

माघ महिन्यात ती लंगडायला लागली. उजवा पाय सरळ होईना. आणि एक दिवस सुमननं मला गुरांच्या कोठ्यात बोलावून हळूच सांगितलं, मोठ्या मायच्या मांडीत, जांघेजवळ, लिंबाएवढी गाठ आली आहे. लिंबाची पुढं मोसंबी झाली. मोठ्या मायनं ती कुणाला दाखवली नव्हती, पण तपासली होती. हाताची पाठ लावून. आणि पहिल्यांदाच तिचा निकाल येईना.

"थंड हाये व," ती सुमनला म्हणाली. "मऊ हाये, भरलेलं हाये, अन् थंड हाये. दुखत बी नाई. असं कसं गळू?"

तिच्या आवाजात जे होतं ते भय होतं, असं सुमन म्हणते. मी तिथं नव्हतो. माझ्या आवृत्तीत मी असतो.

जे गळू भांडत नाही त्याला भांडायला लावायचं, असं तिनं ठरवलं. जवसाचं पोटीस, सकाळ-संध्याकाळ. गाठ गरम होईना, तशी ती पोटीस जास्त तापवू लागली. "अजून गरम कर," सुमनला म्हणायची, "हे तं कोमट हाये." सुमनच्या हाताला ते फडकं धरवत नव्हतं. एका सकाळी पोटीस उचललं तर त्याखाली मांडीची कातडी सोलून आलेली, बाजूला पाण्यानं भरलेले फोड. आणि मोठी माय शांतपणे विचारते आहे, "झाली का गरम?" तिला भाजलेलं कळलंच नव्हतं.

सुमन माझ्याकडे धावत आली. मी सायकल काढली आणि जऊळक्याला गेलो. वाटेत दोनदा पडलो, ते सांगायची गरज नाही, पण सुमन वाचणार आहे.

जऊळक्याला स्टेशनाजवळ एक तरुण डॉक्टर नुकतेच बसायला लागले होते. सडपातळ, चष्मेवाले, रोगी नसल्यामुळे दवाखान्याच्या पायरीवर पुस्तक वाचत बसायचे. ते लगेच निघाले. घरी आल्यावर त्यांनी गाठ पाहिली, भाजलेलं पाहिलं, आणि मांडी सोडून एकदम पाठीकडे वळले. कण्यावरून एक एक मणका दाबत खाली आले. एका ठिकाणी मोठी माय ओरडली. दुखून ओरडताना तिला मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिथं एक मणका उंबरठ्यासारखा वर आला होता.

"पाठीला काही केलंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालवलं ना इले," मोठी माय सुमनकडे बोट करून म्हणाली.

डॉक्टर सुमनकडे पाहतच राहिले. सुमन भिंतीला टेकली.

मग त्यांनी लघवी मागितली. स्पिरिटचा दिवा पेटवला, काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी तापवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेचा लाल रंग आला. आम्ही सगळे त्या नळीकडे पाहत होतो. डॉक्टरांनी ती खाली ठेवली आणि मोठ्या बाबांना बाहेर बोलावलं. मोठ्या मायनं आतून आवाज दिला, "अथीच बोला. अंग माहं हाये."

डॉक्टर परत आत आले आणि उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "माय, तुम्हाला साखरेचा आजार आहे, पुष्कळ दिवसांपासून. साखरेनं अंगाचं लढायचं बळ जातं. असं दुबळं अंग क्षयाला सापडलं की तो छातीतच बसतो असं नाही, कुठंही जातो. तुमच्या तो मणक्यात गेला. मणका आतून सडला, तिथला पू स्नायूच्या आतल्या वाटेनं खाली उतरला, आणि मांडीत साठला. गळू मांडीत दिसतं, पण त्याचं मूळ पाठीत आहे."

"अन् थंड काहून?" तिनं विचारलं. तिला क्षय या शब्दाचं काही नव्हतं. तिला हेच हवं होतं.

"क्षयाचं गळू असंच असतं. थंड. त्याला कधीही कापायचं नाही, टोचायचं नाही. तोंड पडलं की ते मिटत नाही. बाहेरचे जंतू आत शिरतात, आणि साखर असलेल्या माणसाला मग..." ते मोठ्या बाबांकडे वळले. "उद्याच्या गाडीनं अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या. भाजलेल्या ठिकाणी कातडी पातळ झाली आहे, ती फुटायच्या आत. आणि बैलगाडीत घालू नका. धक्का बसून मणका सरकला तर दोन्ही पाय जातील."

जाताना त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि पायाच्या एका बोटाला हात लावला. "कोणतं बोट?" तिनं चुकीचं सांगितलं. परत विचारलं. परत चुकलं. त्यांनी गोधडी परत तिच्या पायांवर ओढली.

सकाळी उठून पाहतो तर गाठीवरची कातडी चकाकत होती, आतलं पिवळं दिसावं इतकी पातळ. मोठी माय उशीला टेकून बसली होती आणि सुमनला म्हणत होती, "काटा आण."

"नाई आणत," सुमन म्हणाली. त्या घरात मोठ्या मायला 'नाही' म्हणणारी ती पहिली.

"अवो, तोंड आलं ना त्याले! पाय ना! चाळीस वर्सं हेच केलं म्या. भरलेलं गळू वागवत अकोल्याले जाऊ का, वाटेत फुटाले? आता टोचतो, पू काढतो, मोकळी होतो. तू सर, मीच घेतो."

वरच्या कोनाड्यात काटे ठेवलेले असायचे. तिनं हात वर केला. मी पुढं झालो आणि म्हणालो, "मोठी माय, डॉक्टर म्हणाले..." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं वाक्य तिथंच संपलं. काटा तिच्या बोटांत आलाही.

तेव्हा मोठे बाबा उठले. हा माणूस दिवसाला मोजकेच शब्द बोलायचा आणि त्यातले बरेचसे बैलांशी. चारचौघांत बायकोच्या शेजारी बसलेलंही त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ते आले, बाजेवर तिच्याजवळ टेकले, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांनी तिचं मनगट धरलं. नुसतं धरून बसले.

मोठी माय लाजेनं काळीनिळी झाली. "सोडा ना," ती पुटपुटली. "लेकरं पाहून राह्यले."

"पाहू दे," ते म्हणाले.

काटा खाली पडला. सुमननं तो उचलून चुलीत टाकला.

आता न्यायचं कसं? बाजेवर निजवून, खांद्यांवर. ठरलं. मी गावात माणसं बोलवायला गेलो आणि प्रत्येक दारात तोच अनुभव. ज्यांची गळवं तिनं फोडली होती ती दांडगी माणसं खाली माना घालून उभी. जिवंत बाईला चार खांद्यांवर घेऊन गावातून जायचं? अशुभ. त्यातून सवाष्ण. एक जण म्हणाला, "मास्तर, रस्त्यात कोणी हात जोडले तं?"

मी तोंड पाडून परत आलो. मोठ्या मायनं ऐकलं आणि आतूनच गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला. "अरे भेकडांनो! मेलेलं माणूस बोलते का? मी बोलत येतो ना! स्टेशन येईस्तोर तोंड बंद करणार नाई. मंग तं झालं?"

माणसं आली. तिच्या खाली फळी दिली, कमरेशी गोधड्या लावल्या, आणि बाज उचलली. ती बोलू लागली. पाटलाच्या वाड्यावरून जाताना पाटलीणबाईला म्हणाली, "वर काय पाह्यतं व, भाकर जयली असंन तुही!" चावडीपाशी एक म्हातारा खरोखरच हात जोडायला लागला. "हात खाली कर रे मुडद्या!" ती कडाडली. "तुह्या आधी मी जाणार नाई." खांदेकरी हसायला लागले तशी बाज हलली, आणि तिनं चौघांच्याही बापांचा उद्धार केला. एक कोपरा काही वेळ माझ्या खांद्यावर होता. फार वेळ नव्हता. माझी उंची कमी पडून बाज तिरपी व्हायला लागली तेव्हा मोठी माय म्हणाली, "मास्तरले काढा, त्याले फळा पुसू द्या." माझ्याकडे पाण्याचा तांब्या देण्यात आला.

गाव मागं पडलं, वावरं लागली, ती बोलतच होती. कुणाचा हरभरा किती आला, कुणाच्या धुऱ्यावर, बांधावर, कोण सरकलं. मग नाला आला. उतार, दगड, पलीकडे चढ. पुढचे दोघे खाली उतरले, बाज कलली, मागच्यांनी वाकून सावरली. आणि आवाज बंद झाला.

चौघे जागच्या जागी थांबले. पायाखाली गोटे, खांद्यावर भार, आणि कुणी मान वळवेना. मोठे बाबा मागं होते, ते जिथं होते तिथंच उभे. पुढच्यानं मला डोळ्यांनी खुणावलं. बघ. मी तांब्या घेऊन बाजेजवळ गेलो. 

मोठी माय डोळे उघडे ठेवून वर पाहत होती. कडेनं पाणी कानात उतरत होतं.

"मोठी माय?"

ती हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "माहे पाय कुठी हायेत रे? मले समजून नाई राह्यले."

मी पाहिलं. पाय होते. गोधडीखाली, जिथं असायला हवे तिथंच. मी तसं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी कुणाला दिलेलं इतकं निरुपयोगी उत्तर दुसरं नाही.

तिनं डोळे पुसले, घसा खाकरला, आणि नाल्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ओरडली, "थांबले काहून रे सगये? गाडी काय तुमच्या बापाची हाये, थांबाले?"

बाज चढ चढली. स्टेशन येईपर्यंत ती बोलत होती. पण आता तिच्या बोलण्यात कुणी हसत नव्हतं. ती काय बोलते आहे याकडे लक्षच नव्हतं कुणाचं. बोलते आहे ना, एवढंच ऐकत होते.

अकोल्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी लांब सुई घेतली. गाठीच्या तोंडावर नाही, बाजूच्या धडधाकट कातडीतून, तिरकी घातली. पू निघाला, पातळ, दह्याच्या निवळीसारखा. मोठ्या मायनं मान उचलून ती सुई कुठून गेली ते नीट पाहिलं. "बाजूनं गेला," ती म्हणाली. एवढंच. पण त्या शब्दांत चाळीस वर्षांचा काटा मोडलेला मी ऐकला.

मग तिला गळ्यापासून कमरेखालपर्यंत प्लास्टरच्या साच्यात निजवलं. हलायचं नाही, बसायचं नाही, कूस वळायची नाही. क्षयाची इंजेक्शनं, साखरेची इंजेक्शनं, मूठमूठ कडू गोळ्या. किती दिवस? पाहू, म्हणाले. पाय परत येतील? पाहू. डॉक्टर शिकाऊ पोरांना तिच्याभोवती जमवून समजावायचे, खोकला नसलेला क्षय, थंड गळू, साखर. पोरं वाकून वाकून पाहायची. एकदा ती म्हणाली, "पाह्यलं ना? आता पाठ म्हणून दाखवा." एकानं खरंच म्हणून दाखवलं. तिनं त्याची एक चूक काढली.

रोज सकाळी नर्स तिच्या पायाच्या बोटांना हात लावून विचारायची. रोज मोठी माय सांगायची आणि चुकायची. मोठे बाबा बाकावर बसून ऐकायचे. मी रविवारी जायचो. तिचं तोंड आढ्याकडे, त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर तिच्यावर ओणवं व्हावं लागे. उन्हाळा तसाच गेला. पोळ्याच्या सुमाराला एका रविवारी तिनं सलग तीन बोटं बरोबर सांगितली. नर्सनं चौथ्याला हात लावला. मोठ्या मायनं डोळे आणखी घट्ट मिटले आणि म्हणाली, "करंगळी. अन् हात थंडा हाये तुहा." मोठे बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. भांडली, चारचौघांत गोड कमी खाल्लं, उरलेलं चोरून खाल्लं. पण मोठी माय म्हटलं की मला दिसते ती अकोल्याची.

तिला आणायला मी एकटाच गेलो होतो. वॉर्डात खाट रिकामी पाहून मी नर्सकडे धावलो. नर्सनं व्हरांड्याकडे बोट दाखवलं. लांबलचक व्हरांडा, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. मोठी माय भिंत धरून चालली होती. कमरेला चामड्याचा आणि पट्ट्यांचा सांगाडा, लुगडं त्यावरून कसंबसं नेसलेलं, रुंद हाडांवर मांस म्हणून काही नाही. मला ती पाठमोरी होती. मी हाक मारणार होतो, पण तेवढ्यात भिंत संपली. पुढं जायला जागा नव्हती, परत फिरायचं तर भिंत सोडावी लागणार होती. तिनं सोडली. दोन्ही हात अंगापासून दूर, नुसती उभी. एक पाऊल जागच्या जागी वळलं. मग अडकली. शेजारच्या दारात एक नर्स होती, तीही हलली नाही. मोठ्या मायनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं, जसं नोकराकडे पाहावं तसं, आणि दुसरा पाय ओढून आणला. वळली. तोंड माझ्याकडे झालं तेव्हा ते घामानं भिजलेलं होतं.

तिला मी दिसलो. मी व्हरांड्याच्या या टोकाला खांबासारखा उभा होतो, डोळे पुसत.

"तथीच काहून उभा राह्यला रे?" ती ओरडली. "तुले बी पाय हायेत ना? चाल मंग!"

आणि माझी वाट न पाहता ती निघाली.